मदतनिसाच्या कामाला पायरी हवी

बारावीनंतर चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम ज्यांच्या कुटुंबाला परवडत नाही, अशा वसई-विरारमधील मुलामुलींसाठी फिजिओथेरपी केंद्रातील मदतनिसाचे काम हा एक सुलभ मार्ग आहे. भांडवल लागत नाही, काम घराजवळ मिळते आणि चार माणसांत मानही असतो. या कामाला मागणी आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि लगतची गावे एकत्र करून २००९ साली स्थापन झालेल्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेली होती. एवढ्या वस्तीत पक्षाघाताचे रुग्ण, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले वृद्ध, हाड मोडलेले कामगार असणारच. विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटर रोज उभ्याने कापणाऱ्या चाकरमान्यांच्या कमरेचा हिशेब तर कोणत्याच अर्थसंकल्पात मांडला जात नाही!

या उपचाराचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. औषध एकदा विकत आणले की घरी घेता येते. व्यायामोपचार मात्र आठवडेच्या आठवडे माणसाच्या हातूनच घ्यावा लागतो. तो घराजवळ नसेल तर रुग्ण तो अर्ध्यावर सोडतो. पदवीधर फिजिओथेरपिस्टचा तास ही दुर्मीळ वस्तू आहे. रुग्णाला खाटेवरून खुर्चीवर बसविणे, शेकाची पिशवी तयार करणे, वॉकर धरून चालविणे, सांगितलेले व्यायाम मोजून करवून घेणे, यातच तो तास संपला तर नव्या रुग्णाची तपासणी कोणी करावयाची? मदतनीस नेमका हा तास मोकळा करतो. त्याच्या श्रमाची खरी किंमत येथे आहे; त्याच्या पगारात मात्र ती क्वचितच उमटते.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे राज्याने २००२ च्या कायद्याने या व्यवसायासाठी परिषदेची तरतूद केली. पदवीधराची जागा अशी हळूहळू निश्चित होत गेली. मदतनिसाची तशी राहूनच गेली. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने मात्र १९६७ मध्येच सहायकाच्या पदाला मान्यता दिली आणि १९६९ मध्ये दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली.

आपल्याकडे संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यास दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचे शिक्षण लागते. आता सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचा हिशेब करावा. रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस आणि एकही रजा नाही असे धरले, तरी बेरीज १२०० तासांपलीकडे जात नाही. फी भरण्यापूर्वी पालकांनी ही बेरीज वहीच्या मागच्या पानावर जरूर करावी, आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास, कोणत्या रुग्णालयात व कोणाच्या देखरेखीखाली, हेही विचारावे. उत्तर देताना संस्थाचालक अडखळला, तर ते एक उत्तरच समजावे.

पायरी नसल्याचा परिणाम केवळ मदतनिसाला भोगावा लागत नाही. तीन-चार वर्षे काम करूनही वेतन हलत नाही, असे दिसले की तो हुशार मुलगा संध्याकाळी स्वतंत्रपणे घरोघरी जाऊ लागतो आणि शेजारीपाजारी त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागतात. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या म्हाताऱ्याला शेक फार गरम लागतो आहे हे कळत नाही; कातडी भाजल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते. खुब्याचा नवा सांधा चुकीच्या हालचालीने निखळू शकतो. याचा दोष त्या मुलाच्या नीतीवर ढकलणे सोपे आहे. वस्तुतः ज्या कामात अनुभवाला भाव मिळत नाही, त्या कामातील माणूस तो भाव बाहेर शोधतो.

मदतनिसाला दर्जा दिला तर तो आपलीच जागा घेईल, ही पदवीधरांची भीती समजण्यासारखी आहे. पण ज्याची कोठेही नोंद नाही तो आजही ती घेऊ शकतोच. नोंद असलेल्याच्या कामाला निदान मर्यादा घालता येते आणि ती ओलांडल्यास त्याला जाब विचारता येतो.

महापालिकेच्या हाती सर डी. एम. पेटिट रुग्णालयासारखी जुनी संस्था आहे. रुग्णालय व स्थानिक महाविद्यालये यांनी मिळून दोन वर्षांचे, विद्यावेतनासह प्रशिक्षण आखावे. प्रत्येक उमेदवाराच्या तासांची नोंदवही असावी, तीवर फिजिओथेरपिस्टची स्वाक्षरी असावी आणि भरलेल्या तासांनुसार वेतनाची पुढची श्रेणी ठरावी. आयोगाच्या निकषांशी तो अभ्यासक्रम आरंभापासूनच जुळवून घेतला, तर दोन वर्षांनी उमेदवारांना पुन्हा पहिलीपासून बसावे लागणार नाही. दहा-बारा जागांनीही सुरुवात करता येईल.