कार्ड बदलण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जळगाव-धुळ्याच्या झेरॉक्सच्या दुकानांत, कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत, कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांवर जी सेकंडहँड यंत्रे चालतात, त्यांतली बरीच या अटीत बसत नाहीत. यंत्र ठणठणीत असते म्हणून टाकवत नाही, आणि अपडेट नाहीत म्हणून जपवतही नाही. मग एखादा भाचा रविवारी येऊन त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून देतो. टॅली आणि श्रीलिपीसाठी विंडोज ठेवणे भागच असते, म्हणून एका डब्यात दोन्ही नांदतात. आणि सोमवारी सकाळी त्या भाच्याला फोन जातो : ‘लिनक्समा नेटच येत नही, भाऊ.’

दुरुस्तीला येणारा मुलगा मग दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘फॉरमॅट मारावं लागेल’ किंवा ‘कार्ड गेलंय, नवं टाकू’. आमची तक्रार त्या मुलाच्या हेतूबद्दल नाही. दिवसाला आठ-दहा ठिकाणी जायचे, तपासणीचे पैसे कोणी देत नाही, सुट्या भागाचे देतात. तेव्हा निदान सुट्या भागाकडेच झुकणार. पण ज्या यंत्रावर दोन प्रणाली आहेत, तिथे निदान जवळजवळ फुकट पडते. एकाच नेटवर्क कार्डाबद्दल दोन साक्षीदार हजर आहेत. एक म्हणतो चालते, दुसरा म्हणतो नाही. तर कार्ड जळालेले नाही, एवढे तरी तिथेच सिद्ध होते. दोघेही नाही म्हणाले, तर मात्र केबल, पोर्ट आणि कार्ड यांच्याकडे वळायचे.

आमच्याच कचेरीतला प्रसंग आहे. जुन्या डेस्कटॉपवर विंडोजमध्ये नेट धावत होते आणि लिनक्स सुरू केले की मागच्या लॅन पोर्टचे दोन्ही दिवे विझलेले. पलीकडे स्विचवरचा दिवाही बंद, म्हणजे तार जोडलेलीच नाही असा थाट. कार्ड बदलण्याचे ठरत आले होते. तेवढ्यात एकाने पिन भिंतीतून उपटली, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, पिन परत लावली आणि थेट लिनक्स चालू केले. हिरवा दिवा लागला. संध्याकाळी विंडोजमध्ये काम करून यंत्र बंद केले, पुन्हा लिनक्स लावले, तर अंधार. तिसऱ्यांदा विंडोजमधून ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ दाबून लिनक्सकडे गेलो, आणि दिवा लागला.

हा चमत्कार नव्हे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली की ‘शट डाउन’ हे खरे बंद होणे नसते. विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवते, सकाळी तो तसाच उचलते आणि लवकर उठल्याचे श्रेय घेते. जाताना नेटवर्क कार्डालाही विंडोज कमी विजेच्या गुंगीत ठेवून जाते. विंडोजला ते पुन्हा जागे करता येते. लिनक्सच्या ड्रायव्हरला, विशेषतः काही रिअलटेक कार्डांच्या बाबतीत, ते नेहमी जमत नाही. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे पुसून नव्याने सुरुवात करते. म्हणजे आपल्याला जे नाव ऐकून अर्धवट वाटते तेच पूर्ण, आणि पूर्ण वाटते ते अर्धवट! उपाय एका खुणेचा आहे : कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांची निवड, त्यात ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढायची. विंडोज उठायला थोडा जास्त वेळ घेईल. दोन प्रणाली ठेवणाऱ्याने ही खूण पहिल्याच दिवशी काढावी. कारण अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिणेही धोक्याचे असते आणि बहुधा लिनक्स ती फक्त वाचायलाच उघडते.

घड्याळाचीही अशीच गंमत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ मानते, लिनक्स जागतिक वेळ. आपल्याकडे हा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की सकाळी अकराला घड्याळ साडेपाच दाखवते. तेवढ्याने सगळे नेट बंद पडत नाही, पण नुकतेच नूतनीकरण झालेले सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरला ‘अजून लागू न झालेले’ दिसते आणि एखादे संकेतस्थळ हट्टाने उघडत नाही. तक्रार होते ती नेटची. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला एका आज्ञेने सांगता येते. जुन्या यंत्रात बोर्डावरचा बटनसेल संपला असेल, तर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि मग दोन्ही साक्षीदार एकच खोटे बोलू लागतात.

खरे बिघाड नसतातच असे मात्र नाही. खानदेशात वळवाच्या पावसात वीज कडाडते आणि केबलवाल्याची तार खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीत आलेली असते. दुसऱ्या दिवशी पोर्ट मेलेला. अशा वेळी लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. यंत्रात बसलेल्या कार्डांची यादी येते. यादीत नेटवर्क कार्डाचे नावच नसेल आणि बायोसमध्येही ते कोणी बंद केलेले नसेल, तर खुशाल नवे घ्या.

विजेपेक्षा उंदीर अधिक कावेबाज. लॅनच्या तारेत आठ बारीक तारा, चार जोड्या. शंभर मेगाबिटला त्यांतल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उंदराने तपकिरी तार कुरतडली की दोन्ही टोकांची कार्डे गिगाबिटवर बोलायला जातात आणि अडखळतात. काही ड्रायव्हर मुकाट्याने शंभरावर उतरतात, काही अडून बसतात. इथे आमचा दोन साक्षीदारांचा नियम फसतो, कारण एका प्रणालीत नेट चालते, दुसरीत नाही, आणि दोष तारेचाच निघतो. म्हणून दुसऱ्या कोणाची चालती तार आणून लावणे ही पहिली पायरी.

वायफायचे थोडक्यात. जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉम कार्डांना लागणारे फर्मवेअर परवान्याच्या अडचणीमुळे लिनक्ससोबत बहुधा येत नाही. ते उतरवायला नेट लागते, आणि नेट तर त्याच कार्डातून यायचे. तेवढ्यापुरता मोबाइल यूएसबीने जोडावा. काही स्वस्त डोंगल आधी आपण सीडी ड्राइव्ह असल्याचे सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असतो. लिनक्सला ते सोंग उतरवून घ्यावे लागते.

आयटीआयमध्ये कोपा हा संगणकाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना असे एक बिघडवलेले दुहेरी यंत्र वर्षातून दोनदा दिले, तर पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा ती जास्त शिकतील. एकदा तार अर्धवट कापलेली, दुसऱ्यांदा फास्ट स्टार्टअप चालू. निदान लिहून द्या, सुटा भाग मागायचा नाही.

नेट न येण्याचा शेवटचा प्रकार हार्डवेअरचा नाहीच. दिवे लागतात, तार धड, पण लिनक्समध्ये पान उघडत नाही. कारण केबलवाल्याने दिलेले नाव आणि पासवर्ड विंडोजच्या डायलरमध्येच भरलेले असतात. ते एकदा राउटरमध्ये भरले की दोन्हीकडचे काम होते. हे न पाहता कार्ड बदलले तर आणखी एक फजिती होते. काही केबलवाले जोडणी कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. नव्या कार्डाचा पत्ता नवा, त्यामुळे आतापर्यंत सुरळीत असलेले विंडोजचे नेटही जाते, आणि ग्राहक केबलवाल्याला फोन लावत बसतो.