भंडाऱ्याची पोटनिवडणूक : जागा आमची, किल्ली कोणाची?

वाचकहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की एक टोमणा हमखास कानी येतो. "तुमचे बाबासाहेब एवढे थोर, तर 1952 साली मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्यात ते पडले कसे? त्यांच्याच लोकांनी त्यांना निवडून दिले नाही ना?" हा टोमणा मारणाऱ्याने निवडणुकीचा कायदा बहुधा उघडूनही पाहिलेला नसतो. त्याचे आम्हांस फारसे नवल वाटत नाही. खेद वाटतो तो याचा की, आमच्यातील शिकलेसवरलेले तरुणही हे ऐकून मान खाली घालतात. मान खाली घालण्याजोगे या पराभवात आमच्या बाजूस काही नाही. ज्यांनी मान खाली घालावी ते दुसरेच आहेत. हे भावनेच्या बळावर नव्हे, हिशेबाने सिद्ध करता येते आणि तोच हिशेब येथे मांडावयाचा आहे.

प्रथम ती जागा रिकामी कशी झाली ते पाहा, कारण तेथेच या कथेचे मर्म आहे. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. आजचा गोंदिया जिल्हाही त्याच जिल्ह्याचा भाग होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा दोन प्रतिनिधींचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे नावाच्या गृहस्थांनी अर्ज भरला होता. तो फेटाळण्यात आला. कारण काय, तर ठवरे महानुभाव पंथाचे अनुयायी झाले होते आणि महानुभाव जातिभेद मानीत नाहीत, म्हणून ठवरे महार उरले नाहीत! जात न मानणाऱ्या पंथात गेलेल्या माणसाला त्याच्या जातीच्या नावाने मिळणारा हक्क नाकारावयाचा, असा हा न्याय होता.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी 1954 मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. पंथ बदलला म्हणून माणसाचे सामाजिक व राजकीय नाते आपोआप तुटते काय, हा प्रश्न न्यायालयाने तीन कसोट्यांवर घासून पाहिला. जुना समाज त्याच्याशी कसा वागतो, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे यांना महार समाजाने टाकले नव्हते आणि त्यांनीही समाज सोडला नव्हता. तेव्हा त्यांचा अर्ज फेटाळणे गैर ठरले. त्याच प्रकरणात सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी हेही अपात्र ठरले, कारण सैन्यासाठी सरकारला विड्या पुरविण्याच्या करारात त्यांच्या पेढीचा हितसंबंध होता. सारी निवडणूक रद्द झाली आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

त्यांपैकी राखीव जागेसाठी मे 1954 मध्ये बाबासाहेब उभे राहिले. ते तेव्हा राज्यसभेचे सभासद होते, परंतु विधानसभेच्या सभासदांच्या मतांवर मिळालेल्या त्या जागेत त्यांना समाधान नव्हते. जनतेच्या मतांनी लोकसभेत जावे ही त्यांची इच्छा होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ते राखीव जागेचे उमेदवार, तर सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. काँग्रेसने राखीव जागेसाठी भाऊराव बोरकर यांना उभे केले. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र 8,381 मतांनी पडले आणि बोरकर लोकसभेत गेले.

आता कायदा पाहा. दोन प्रतिनिधींच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेच्या उमेदवाराला केवळ अनुसूचित जातींचे मतदार मत देत नव्हते. जातीचा वा धर्माचा भेद न करता मतदारसंघातील प्रत्येक मतदार मत देत होता. मोजणीत प्रथम अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते पडली तो राखीव जागेवर निवडून येई. उरलेल्या उमेदवारांपैकी, मग तो कोणत्याही जातीचा असो, ज्याची मते अधिक त्याला दुसरी जागा मिळे.

या नियमांचा अर्थ ध्यानात घ्या. भंडारा मतदारसंघात अनुसूचित जातींचे लोक अल्पसंख्य होते. सारे अनुसूचित मतदार एका माणसामागे उभे राहिले, तरी केवळ त्यांच्या बळावर तो निवडून येईल अशी हमी नव्हती. उलट, अनुसूचित जातींच्या बहुसंख्य मतदारांनी ज्याला नाकारले, तोही इतरांच्या मतांवर त्यांचाच प्रतिनिधी म्हणून लोकसभेत बसू शकत होता. मतदान गुप्त असते. कोणत्या समाजाने कोणाला किती मते दिली हे मतपेटी सांगत नाही. तेव्हा "त्यांच्याच लोकांनी त्यांना पाडले" असे म्हणणाऱ्याने आपला पुरावा दाखवावा. तसा पुरावा अस्तित्वातच नाही. जो अस्तित्वात आहे तो इतकाच : ज्या मतदारसंघात बहुमत इतरांच्या हाती, तेथे आमच्या राखीव जागेचा निकालही इतरांच्याच हाती होता. आणि तसे असूनही बाबासाहेब थोडक्याच मतांनी पडले, हे विसरता कामा नये.

भंडाऱ्याची आणखी एक आठवण सांगितली जाते. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी सुचविले की, आमच्या मतदारांनी आपले एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, ते वाया घालवावे. हिशेब सरळ होता. अशोक मेहतांची मते घटली असती, तर राखीव जागा हुकली तरी दुसरी जागा बाबासाहेबांना मिळण्याचा संभव होता. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने राज्यघटना घडविली, त्याने मतदाराला त्याचे मत वाया घालवावयास सांगावे हे त्यांना मान्य झाले नाही. जागा गेली, तत्त्व राहिले. ज्यांना या पराभवाची टिंगल करावयाची आहे, त्यांनी आपल्या पुढाऱ्यांपैकी एकाचे असे उदाहरण द्यावे.

हे काही एकट्या भंडाऱ्याचे दुर्दैव नव्हते. 1952 साली मुंबई शहर उत्तर या दोन प्रतिनिधींच्या मतदारसंघातही राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले आणि बाबासाहेब 14,561 मतांनी पडले. दोन ठिकाणी, दोन वर्षांच्या अंतराने, एकच यंत्र चालले आणि त्याने एकच फळ दिले. तेव्हा उमेदवाराला दोष देण्यापूर्वी यंत्राकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

हे यंत्र कोणी घडविले? 16 ऑगस्ट 1932 रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते. पुढील महिन्यात येरवड्याच्या तुरुंगातील उपोषणाच्या दडपणाखाली पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील जागा 71 वरून 148 झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. संख्या वाढली आणि स्वातंत्र्य घटले. त्या करारात निदान प्राथमिक निवडणुकीची एक अट होती : अस्पृश्य मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडावेत आणि मग त्यांतील एकाला संयुक्त मतदारसंघाने निवडावे. ती अटही मुदतीची होती. 1950 नंतर तीही उरली नाही.

संविधान सभेत हा प्रश्न निघाला नव्हता असे नाही. ऑगस्ट 1947 मध्ये एस. नागप्पा यांनी सूचना मांडली की, राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान 35 टक्के मते मिळालेली असावीत. मागणी किती माफक! बहुमत नको, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास विश्वास तरी असावा. सरदार पटेलांच्या विरोधापुढे ती सूचना टिकली नाही. आमचा प्रतिनिधी आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही विश्वासास पात्र असण्याची गरज नाही, असे राष्ट्राच्या एकतेच्या नावाने ठरले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. संयुक्त मतदारसंघामुळे दोन समाज जवळ येतात, उमेदवाराला सर्वांकडे मते मागावी लागतात, द्वेष कमी होतो. हा युक्तिवाद पोकळ नाही, आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु प्रश्न असा की, जवळ येण्याची किंमत नेहमी एकाच बाजूने का द्यावी? सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराने अस्पृश्यांचा विश्वास संपादन केला नाही तरी त्याचे चालते. राखीव जागेच्या उमेदवाराने मात्र बहुसंख्यांचा विश्वास संपादन केला नाही तर तो गेलाच. मग असा उमेदवार अन्यायाविरुद्ध तोंड कसे उघडणार? ज्याच्या मतांवर जागा, त्याच्या मर्जीवर जीभ.

आणि हे यंत्र जेव्हा दुसऱ्या बाजूला लागले तेव्हा काय घडले तेही पाहा. 1957 साली आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. गिरी न्यायालयात गेले. 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आदिवासी उमेदवाराला सर्वसाधारण जागाही मिळू शकते, त्यात बेकायदेशीर काही नाही. 1961 साली दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ कायद्याने रद्द करण्यात आले. केवळ गिरींसाठी हा कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु बाबासाहेब दोनदा पडले तेव्हा ही पद्धत सदोष आहे असे ज्यांना वाटले नाही, त्यांना तिचे दोष एवढ्या लवकर कसे दिसू लागले, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे. शिवाय दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ गेले तरी संयुक्त मतदान राहिलेच. आज लोकसभेत अनुसूचित जातींसाठी 84 जागा राखीव आहेत आणि त्या बहुतेक सर्व मतदारसंघांत अनुसूचित जातींचे मतदार अल्पसंख्यच आहेत.

आता दुसऱ्या कुलपाकडे वळू. भंडाऱ्याची जागा ज्या प्रश्नामुळे रिकामी झाली, तोच प्रश्न 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या दारात उभा राहिला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नव्हता. शिखांतील काही जातींचा अपवाद त्यात होता आणि 1956 साली सर्व शिखांचा समावेश झाला. बौद्ध मात्र बाहेर राहिले. नागपूरच्या एका राखीव जागेवरून 1962 साली विधानसभेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांची निवड 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण त्यांनी बौद्ध धम्माचा जाहीर स्वीकार केला होता. दहा वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने ठवरे यांच्या बाबतीत पाहिले होते की समाज त्या माणसाशी कसा वागतो. मेश्राम यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यास आदेशाच्या शब्दांनी जागाच ठेवली नव्हती. धर्म बदलला, एवढे पुरेसे होते. गावचा पाणवठा, गावचा मारुती आणि गावचा पाटील यांनी मात्र धर्म बदलल्याची नोंद घेतलेली नव्हती.

म्हणजे हिंदू राहून उभे राहावे तर किल्ली बहुसंख्यांच्या हाती, आणि बौद्ध होऊन उभे राहावे तर दारच बंद. ते दार उघडण्यास 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे या समाजाने राखीव जागांचे पाणी सोडले, पण दीक्षा सोडली नाही. ज्यांना वाटते की आमची माणसे सवलतींसाठी काहीही करतात, त्यांनी या चौतीस वर्षांचे उत्तर द्यावे.

वाचकहो, हा जुना इतिहास उगाळण्याचे प्रयोजन काय? राज्यघटनेच्या कलम 334 अन्वये राखीव जागांची मुदत प्रथम दहा वर्षांची होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन 104 व्या दुरुस्तीने जानेवारी 2030 पर्यंत आली आहे. मुदत संपत आली की प्रत्येक वेळी एकच चर्चा होते : आणखी किती वर्षे? हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा की, त्या जागेवर बसणारा कोणाला जबाबदार? नागप्पांनी मागितलेली ती माफक अट पुन्हा चर्चेत आणण्यास कोणती अडचण आहे? आमच्या खासदारांनी, आमदारांनी आणि आमच्या नावाने सभा भरविणाऱ्या प्रत्येक गटाने यावर आपले मत जाहीर करावे. गटागटांत विभागलेल्या आमच्या पुढाऱ्यांना जागावाटपासाठी परक्यांच्या दारात ताटकळण्यास वेळ मिळतो, तर या प्रश्नासाठी एकत्र बसण्यास का मिळू नये?

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते आपण करू या. राखीव जागेचा उमेदवार मत मागावयास आला की त्याला विचारा : गेल्या पाच वर्षांत आमच्यावरील कोणत्या अत्याचाराविरुद्ध तू सभागृहात उभा राहिलास? त्याच्या पक्षाचे चिन्ह कोणते हे नंतर विचारा. आपले मत विकू नका आणि वायाही घालवू नका. जिंकण्यासाठीसुद्धा मत वाया घालविण्यास भंडाऱ्यात बाबासाहेबांनी नकार दिला होता. आणि पुन्हा कोणी तो टोमणा मारलाच, तर मान वर करून त्याला सांगा की, भंडाऱ्यात जागा आमची होती, किल्ली तुमची होती. पराभव कोणाचा झाला, ते तुम्हीच ठरवा.