पंचनाम्याआधीचा चिखल

पूर ओसरलेल्या घरात पाऊल टाकले की आधी चिखल भेटतो. घोटाभर गाळ, फुगून उघडेनासे झालेले कपाट, भिंतीवर पाण्याची रेघ. घर धुवावे तर पंचनाम्याला दाखवायचे काय? न धुवावे तर लेकरे आजारी पडणार. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी, तर २०१९ आणि २०२१ असे दोनदा सांगली-कोल्हापूरकरांनी हा पेच सोसला.

पंचनामा करणाऱ्या एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असतात. तो तरी कुठे कुठे पुरणार? दोष रचनेत आहे. भाडेकरूचा संसार वाहून जातो, पण कागद घरमालकाच्या नावे असतात. हातगाडीवाल्याकडे तर कागदच नसतो. २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ बुडालेले असण्याची अट होती आणि त्यावरून लोक संतापले. तो संताप रास्तच होता. संसाराची माती व्हायला एक रात्र पुरते. हे गल्लीतल्या कोणालाही ठाऊक असते. त्याला विचारले मात्र जात नाही.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीची कामे स्थानिक संस्थांवरही सोपवतो. प्रत्यक्षात ग्रामपंचायत तहसीलकडे बोट दाखवते, तहसील जिल्ह्याकडे आणि जिल्हा मंत्रालयाकडे. त्यात २०२२ नंतर अनेक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासकच होते. ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा तो नगरसेवकच नव्हता. वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, एवढ्या मागणीसाठी चिपळूणकरांना २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषणाला बसावे लागले. ज्यांच्या घरातला गाळ नुकताच निघाला होता, त्यांनाच नदीतल्या गाळासाठी उपाशी बसावे लागणे ही प्रशासनाची नामुष्की आहे.

पूररेषेतल्या प्रत्येक वॉर्डाची यादी पावसाळ्याआधी तयार हवी. कोणत्या घरात भाडेकरू आहे, कोण म्हातारे माणूस एकटे राहते, कोणाची टपरी कुठे आहे, हे तिच्यात असावे. घर धुण्यापूर्वी मोबाइलवर काढलेला फोटो पुरावा म्हणून चालला पाहिजे. डंपर, चिखल उपसायचे पंप, पाण्याचे टँकर आणि जंतुनाशक पावडर यांचे दर मे महिन्यातच ठरवून ठेवता येतात; पाणी उतरल्यावर निविदा काढत बसू नये. यातल्या बहुतेक कामांसाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

नदीकाठच्या गावकऱ्यांनी १ मेच्या ग्रामसभेला आवर्जून जावे आणि ही यादी तिथे मोठ्याने वाचून घ्यावी. आपले नाव तिच्यात नसेल, तर ते लिहिल्याशिवाय सभा उठू देऊ नये.