मंगळ आणि मंगल

इतिहासाच्या शिक्षकाला तारखांची सवय असते. २४ सप्टेंबर ही तारीख मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. १८७३ साली याच दिवशी, याच पुण्यात, क्रांतिबा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १९३२ साली याच दिवशी येरवड्याच्या कारागृहात पुणे करारावर सह्या झाल्या आणि बाबासाहेबांना मोठ्या झगड्यानंतर मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांवर पाणी सोडावे लागले. २०१४ पासून या दोन ओळींखाली मी तिसरी ओळ लिहू लागले. भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तो दिवसही २४ सप्टेंबरच.

त्या बुधवारी सकाळी आपल्या शाळेच्या सभागृहात मुले-मुली सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. समोर दूरदर्शन संच होता. वंदना आटोपून सारे तिथेच थांबले होते. आठच्या सुमारास बातमी आली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, एवढ्या लांब जाऊन ते बरोबर वेळेवर कसं पोहोचलं?" या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा अर्धवटच दिले. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पुरे करावे, आणि ते तुम्हा-आम्हा मोठ्यांपुढे करावे, असे मनात आहे.

उत्तराचा एकच शब्द आहे: तयारी. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती निरनिराळ्या गतीने फिरतात. थोडक्या इंधनात यान पाठवता यावे अशी त्यांची परस्परस्थिती साधारणपणे सव्वीस महिन्यांतून एकदा येते. मंगळ आज जिथे आहे तिथे यान सोडून चालत नाही. सुमारे तीनशे दिवसांनी तो जिथे असेल, तिथे सोडावे लागते. २०१३ ची संधी हुकली असती तर २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली असती. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून या मोहिमेची घोषणा केली १५ ऑगस्ट २०१२ रोजी. म्हणजे हातात जेमतेम सव्वा वर्ष होते. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. तेवढ्यात १,३३७ किलो वजनाचे यान बांधायचे, त्याच्या चाचण्या घ्यायच्या आणि ते श्रीहरिकोट्याला उभे करायचे होते.

उड्डाणाचा दिवस आधी २८ ऑक्टोबर २०१३ असा ठरला होता. पण अग्निबाणाचा चौथा टप्पा पेटणार होता दक्षिण प्रशांत महासागरावर, जिथे संदेश टिपायला जमिनीवरचे केंद्र नव्हते. म्हणून दोन जहाजांवर अँटेना बसवून ती फिजी बेटांच्या दिशेने धाडण्यात आली. एका जहाजाचे नाव 'यमुना', दुसऱ्याचे 'नालंदा'. आपल्या प्राचीन महाविहाराचे नाव घेऊन एक जहाज मंगळयानाची वाट पाहायला समुद्रात उभे राहणार होते, हे मुलांना सांगताना मला विशेष आनंद होतो. खराब हवामानामुळे जहाज ठरल्या वेळी जागेवर पोहोचेना, म्हणून उड्डाण पुढे गेले आणि ५ नोव्हेंबर रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी झाले. तो वार मंगळवार होता. एखाद्याला त्यात दैवी संकेत दिसेल. कारण मात्र एवढेच होते की समुद्र खवळलेला होता आणि जहाजाला उशीर झाला होता. तारीख ठरवली ती गणिताने, हवामानाने आणि तयारीने. मुहूर्ताने नव्हे.

पुढची गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. आपला प्रक्षेपक यानाला थेट मंगळाकडे झुगारून देण्याइतका बलवान नव्हता. म्हणून यान आधी पृथ्वीभोवतीच फिरत ठेवून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी करण्यात आली. ११ नोव्हेंबरला एक टप्पा फसला. यान एक लाख किलोमीटरपर्यंत दूर जायला हवे होते, ते ७८ हजारांच्या आसपासच पोहोचले. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट लपवली नाही आणि ग्रहांवरही ढकलली नाही. दोष कुठे होता ते शोधले, देशाला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी उणीव भरून काढली. १ डिसेंबरला यानाने पृथ्वीचा निरोप घेतला. मंगळापाशी पोहोचताना पृथ्वीवरचा संदेश त्याला मिळायला सुमारे साडेबारा मिनिटे लागणार होती. ऐनवेळी कोणी हात धरणार नव्हते. त्यामुळे सगळ्या सूचना कित्येक दिवस आधीच त्याच्या संगणकात भरल्या होत्या, आणि त्या क्षणी त्याला स्वतःच्या बळावर वागायचे होते. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, हा तथागतांचा उपदेश आपण मुलांना रोज सांगतो. वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाची तयारीही अशीच करावी लागते. सूचना आधी द्यायच्या; पुढचा प्रवास त्याचा त्याने करायचा.

या कामात आपल्या जिल्ह्याचाही हात आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात 'इस्रो'च्या प्रक्षेपकांसाठी मोटारींची भलीमोठी धातूची आवरणे तयार होतात. तिथे वेल्डर आहेत, फिटर आहेत, टर्नर आहेत. नारायणगावजवळच्या खोडद येथे तीस महाकाय अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे 'शियापारेली' हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश या दुर्बिणीने टिपला. ते यान शेवटी आदळून फुटले. पण त्याचे अखेरचे बोल जुन्नर तालुक्यातल्या शिवारात ऐकले गेले. मंगळाची वाट आपल्या गावांवरून जाते, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

काही जुने कार्यकर्ते विचारतात, "ज्या देशात माणूस अजून गटारात उतरतो, त्या देशाला मंगळ कशाला?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा नवा कायदा संसदेने सप्टेंबर २०१३ मध्ये संमत केला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. मंगळयान पृथ्वी सोडून गेले त्याला तेव्हा पाचच दिवस झाले होते. कायदा झाला, तरी गटारातले मृत्यू थांबले नाहीत. जिथे माणूस पाठवणे धोक्याचे, तिथे यंत्र पाठवावे, हे मंगळाच्या बाबतीत आपल्याला लगेच पटते. मग मॅनहोलच्या बाबतीत का पटत नाही? यावर माझे उत्तर असे की मोहीम बंद करा असे आपण म्हणू नये. हीच तयारी, हेच यंत्र, हाच हिशेब आमच्या वस्तीतही आणा, असे म्हणावे. ती मागणी शासनाकडे आहे आणि ती आपण करीतच राहू.

परंतु एक तयारी अशी आहे की जिची मागणी कोणत्याही शासनाकडे करता येत नाही.

मागल्या वर्षी एका संध्याकाळी मला फोन आला. २०१४ साली सभागृहात मला प्रश्न विचारणारी तीच मुलगी. आता ती शिकून नोकरीला लागली आहे. आवाज दबलेला होता. तिच्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगा अभियंता, घर शिकलेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. भेटीगाठी झाल्या, पसंती झाली, आणि मग मुलाकडच्यांनी सहज म्हणून जन्मवेळ विचारली. आठवड्याने निरोप आला की योग जुळत नाही. "मॅडम, मला कडक मंगळ आहे म्हणे," ती म्हणाली. "आपण ज्या मंगळासाठी टाळ्या वाजवल्या ना, तोच."

मी तिची समजूत घातली. पण फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. कारण माझ्या पुतण्याच्या लग्नाची तारीख ठरत असताना एका वडीलधाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात 'चांगला दिवस' पाहिला होता, आणि मी गप्प बसले होते. घरात वाद नको, एवढ्याच कारणाने. अशा गप्प बसण्यातूनच कुंडली आपल्या घरात पुन्हा शिरते. ती बौद्धाचार्यांच्या हातून येत नाही. ती मोबाइलमधून येते, शेजारधर्मातून येते, 'बघायला काय हरकत आहे' या वाक्यातून येते.

हरकत काय आहे, ते याच पुण्यात तपासून झाले आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसह ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या आणि कोणती कोणाची ते ओळखण्यास ज्योतिषांना सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती. दाभोलकरांची पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. श्रीहरिकोट्याचे उड्डाण तेव्हा अवघ्या अडीच महिन्यांवर आले होते. एकाच वर्षात या देशाने मंगळाकडे यान पाठवले आणि ग्रहांना घाबरू नका असे सांगणारा माणूस गमावला. इतिहास शिकवताना मी या दोन घटना वेगवेगळ्या पानांवर ठेवू शकत नाही.

उड्डाणापूर्वी 'इस्रो'चे अधिकारी तिरुपतीला यानाची प्रतिकृती नेतात, हे मला कोणी ना कोणी दरवेळी ऐकवतो. ती त्यांची श्रद्धा. परंतु दर्शन घेऊन आल्यावर त्यांनी इंधनाचा हिशेब सोडून दिला नाही. यान पोहोचले ते हिशेबामुळे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. संविधानाच्या शिल्पकाराला आपला बाप म्हणणाऱ्यांनी ते कर्तव्य दुसऱ्या कोणी पाळावे याची वाट का पाहावी?

आपल्याला नवे काही शोधायचेही नाही. नक्खत्त जातकाची कथा आपल्या मुलांना पाठ आहे. शहरातल्या एका कुटुंबाने खेड्यातल्या मुलीशी आपल्या मुलाचे लग्न ठरवले. ठरल्या दिवशी त्यांनी आपल्या गुरूला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही म्हणून रागावलेल्या त्या गुरूने आज योग नाही असे सांगितले. मंडळी गेलीच नाहीत. खेड्यातल्यांनी सगळी तयारी केलेली होती. त्यांनी मुलीचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. शहाण्या माणसाने भांडणाऱ्यांना एवढेच समजावले की मुलगी मिळणे हेच खरे शुभ नक्षत्र होते. फुल्यांच्या सत्यशोधकांनी १८७३ च्या डिसेंबरात भटजीवाचून पहिला विवाह लावला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या वाडवडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. एवढी वाट चालून आलेल्या समाजाने जन्मवेळ विचारावी?

आता पुढची संधी समोर आहे. शुक्राकडे यान पाठवण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये आणि उड्डाणाचे नियोजन मार्च २०२८ चे. आज आपल्या शाळेत आठवीत असणारी मुले तेव्हा दहावीच्या परीक्षेच्या धामधुमीत असतील. पंचांगात शुक्राचा अस्त असला की लग्ने लागत नाहीत. एकीकडे त्याच शुक्राचे वातावरण तपासायला यान सज्ज होत असेल. आपली मुले यापैकी कोणत्या बाजूला उभी असतील, हे आपण आजच ठरवायचे आहे.

त्यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या लग्नाच्या बोलणीत जन्मवेळ विचारू नका आणि कोणी विचारली तर सांगू नका. शिक्षण विचारा, आरोग्य विचारा, व्यसन विचारा, स्वभाव विचारा. पालकांनो, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदच्या दुर्बिणीपाशी विज्ञान प्रदर्शन भरते. त्या दिवसांत मुलांना तिथे न्या. आणि कारखान्यांत, प्रयोगशाळांत, आयटीआयमध्ये काम करणाऱ्या बंधू-भगिनींनो, वर्षातून एक दिवस शाळेत या. तुमचे हात काय करतात ते मुलांना दाखवा. आमचा हुशार मुलगा कार्यालयातच शोभतो, हा समजही सोडायला हवा. अग्निबाणाचा एक सांधा कच्चा राहिला तर सारे गणित वाया जाते.

आपण प्रत्येक वंदनेच्या शेवटी सर्वांचे मंगल व्हावे असे म्हणतो. मंगल म्हणजे काय, हे तथागतांनी महामंगल सुत्तात सांगून ठेवले आहे. बहुश्रुत असणे, शिल्प म्हणजे हातातली कला येणे, शिस्त अंगी बाणणे, आईवडिलांची सेवा करणे, ही मंगले त्यांनी मोजली आहेत. त्या यादीत एकही ग्रह नाही.

त्या मुलीचे लग्न अजून ठरलेले नाही. ठरले की ती मला कळवणार आहे. तारीख कोणती, हे ती सुट्टी बघून ठरवणार आहे.

जय भीम.