बरोबर शिकणाऱ्याचे डोळे



वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आम्ही रक्तदाब मोजायला शिकलो, तो एकमेकांच्याच दंडावर. प्रात्यक्षिकाला दोघादोघांची जोडी असे. सरांनी दाखवलेली कृती आपल्याला चोख जमली, अशी माझी समजूत होती. जोडीदाराने मात्र मला थांबवले. "अरे, हवा फार झपाट्याने सोडतोस. पारा असा धावत खाली आला, तर पहिला ठोका ऐकू येणार कसा?" पारा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतका संथ उतरावा, हे मी पुस्तकात वाचले होते. हाताला ते त्या दिवशी कळले.

हा प्रसंग मला दोन वर्षांपूर्वी पुन्हा आठवला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाने चार रविवारांचा वर्ग भरवला होता. शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. वर्गाला एक निवृत्त गृहस्थ येत. पक्षाघाताने त्यांच्या पत्नीची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. तीन महिने ते त्यांची मनोभावे सेवा करीत होते. तरीही माकडहाडाजवळची त्वचा लाल राहत असे. बोटाने दाबले तरी लाली फिकी होत नसे. ही शय्याव्रणाची पहिली पायरी. मी मलम लिहून दिले होते, दर दोन तासांनी कूस बदलण्यास सांगितले होते आणि "कळले ना?" असेही विचारले होते. त्यांनी मान हलवली होती. 'कूस कशी बदलता ते दाखवा' असे म्हणणे मात्र मला सुचले नव्हते.

दुसऱ्या रविवारी सर्वांनी जोड्या करून सराव केला. वडिलांची शुश्रूषा करणारा एक तरुण रिक्षाचालक रुग्ण होऊन गादीवर निजला. या गृहस्थांनी त्याची कूस बदलली. तो म्हणाला, "काका, तुम्ही फार जपून हात लावता, धीर येतो. पण वळवण्याआधी मला वर ओढता ना, तेव्हा माकडहाडापाशी चादर घासते. झोंबतं."

काका क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हिलाही झोंबत असणार. तिला सांगता येत नाही."

त्यानंतर आम्ही ती कृती नव्याने शिकलो. खांद्यापासून मांड्यांपर्यंत घडी घातलेली चादर रुग्णाखाली ठेवावी. वर सरकवायचे असल्यास दोघांनी दोन्ही बाजूंनी ती उचलून सरकवावे, ओढू नये. मग पलीकडचा गुडघा दुमडून, एक हात खांद्यावर व दुसरा कमरेवर ठेवून रुग्णाला आपल्याकडे वळवावे आणि पाठीशी उशी द्यावी. लाल झालेल्या जागी चोळू नये. काही आठवड्यांत ती लाली ओसरली. त्याचे श्रेय माझ्या मलमाला देण्याचे धाडस मी करणार नाही.

शिक्षकाला जे दिसत नाही, ते सोबतच्या विद्यार्थ्याला का दिसावे? शिक्षकाच्या हाताला कृती इतकी सवयीची झालेली असते की, ती कोठे अडते याचा त्याला विसर पडतो. सहाध्यायी नुकताच त्याच जागी अडखळलेला असतो. शिवाय डॉक्टरांसमोर 'जमत नाही' म्हणायला संकोच वाटतो; बरोबरीच्या माणसापुढे तो गळून पडतो.

मात्र सांगण्याचीही एक रीत असावी. जे चांगले झाले ते आधी सांगावे. मग एकच दुरुस्ती सुचवावी, तीही 'तुम्हाला येत नाही' अशी नव्हे, तर 'मला येथे असे जाणवले' अशी. ऐकणाऱ्याने सबबी न सांगता ती कृती लगेच पुन्हा करून पाहावी. ही देवाणघेवाण हाताच्या कौशल्यापुरतीच ठेवावी. औषधे, त्यांची मात्रा किंवा बदल याविषयी डॉक्टरांनाच विचारावे.

असा वर्ग जवळपास नसला तरी घरात दोघे तर असतातच. आज दहा मिनिटे आपण स्वतः रुग्णाच्या अंथरुणावर निजावे आणि घरातील दुसऱ्या कोणाकडून कूस बदलवून घ्यावी. काय खुपले, काय झोंबले, ते त्याला सांगावे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने एवढे तरी आपण बोलू शकतो.