धुराडे आणि शिपमेंटची तारीख

एलसीवर शिपमेंटची शेवटची तारीख असते. हवा बिघडली म्हणून ती पुढे सरकत नाही. बायरची मनधरणी करावी लागते, नाहीतर माल स्वतःच्या खर्चाने विमानाने पाठवावा लागतो.

डिसेंबर २०२१ मध्ये पानिपतच्या कापड कारखान्यांवर ही वेळ आली. दिल्लीत धुरके दाटले आणि राजधानी परिसराच्या हवा गुणवत्ता आयोगाने हुकूम काढला: पाइपच्या गॅसवर न चालणारे कारखाने आठवड्यातले पाचच दिवस, तेही रोज आठच तास चालतील. पानिपत दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटर दूर, पण राजधानी परिसराच्या हद्दीत. आठ तासांत रंगाई म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वाफ धरेपर्यंत निम्मी सकाळ जाते आणि मध्येच थांबवलेल्या लॉटची शेड दुसऱ्या दिवशी जुळत नाही. पुढे १ जानेवारी २०२३ पासून त्या परिसरातल्या उद्योगांना कोळसाच बंद झाला.

आपल्या सोलापुरात असा हुकूम नाही. मात्र राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही, त्या यादीत आपले शहर आहे. हुकूम आला की मुदतवाढीचे निवेदन घेऊन मुंबई गाठायची, ही आपली जुनी सवय. पानिपतवाल्यांनीही निवेदने दिलीच होती.

बायर भरून मागतो त्या हिग या पर्यावरणविषयक प्रश्नावलीत हवेतील उत्सर्जनाचा स्वतंत्र विभाग असतो. तो आपण मुदतीच्या आदल्या रात्री सल्लागाराकडून भरून घेतो. (नाही म्हणणाऱ्याने हात वर करावा!)

धुराची झळ पॅकिंगच्या टेबलापर्यंतही पोचते. कॅलिफोर्नियात नासपती पॅक करणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांचा अभ्यास झाला. बाहेरच्या हवेत सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की बंद शेडमधल्या या कामगारांचे काम सुमारे ६ टक्क्यांनी घटत होते. आपल्याकडे टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायकाही नगावरच काम करतात. उतारा कमी पडला की आपण सुपरवायझरला बोल लावतो.

कॉस्टिंगच्या कागदावर सूत, रंग, वाफ, मजुरी यांचे रकाने असतात. सक्तीने बंद राहिलेल्या दिवसांचा नसतो. धूर गाळणारा बॅग फिल्टर बसवायला किंवा कोळशाऐवजी ब्रिकेटवर चाचणी घ्यायला बॉयलर थोडे दिवस थंड ठेवावा लागेल. ऑर्डरी ढिल्या असताना ते जमेल. नाताळच्या मालाची घाई सुरू झाली की बॉयलरला हात लावायला कुणी तयार होणार नाही.