दगड हटला तरी नाव राहो

शब-ए-बारातची रात्र आणि ईदची सकाळ, वर्षातून या दोन वेळा कब्रस्तानात गर्दी होते. आई-वडिलांच्या कबरीपाशी फातेहा पढली जाते, मगफिरतची दुआ मागितली जाते आणि माणसे घरी परततात. शेजारच्या कबरीवर काय लिहिले आहे, हे सहसा कुणी वाचत नाही. गावाचा इतिहास मात्र तिथेच असतो.

वेरूळजवळचे खुलदाबाद पाहा. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी केली. त्या काळात दिल्लीहून दख्खनमध्ये आलेले सूफी संत हजरत बुरहानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी खुलदाबादच्या मातीत विसावले आहेत. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला आणि आयुष्यभर मोगलांशी लढलेला मलिक अंबर 1626 मध्ये वारला. त्याची कबर इथेच. हजरत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात मोगल बादशहा औरंगजेबाची उघड्या मातीची कबर आहे. अवधमधील बिलग्रामहून आलेले विद्वान आझाद बिलग्रामीही याच गावात आहेत. हबशी, दिल्लीकर, अवधी अशा किती वाटा दख्खनमध्ये येऊन मिळाल्या, हे एका गावाच्या कबरी सांगतात.

मोठ्यांच्या कबरींवर घुमट असतात, म्हणून त्या टिकतात. सामान्य माणसाच्या कबरीचा दगडही बोलका असतो, तो वाचता आला पाहिजे. मोगलकालीन अनेक कबरींवर पुरुषासाठी कलमदानासारखा उंचवटा आणि स्त्रीसाठी सपाट तख्ती कोरलेली असते. जुन्या फारसी लेखात कधी सन आकड्यांत नसते. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते. ठरावीक शब्दांतील अक्षरांची बेरीज केली की मृत्यूचे हिजरी वर्ष मिळते. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे 33 हिजरी वर्षे म्हणजे साधारण 32 इसवी वर्षे, हा हिशोबही ठेवावा लागतो. फारसीनंतर उर्दू येते आणि कोकणात मराठी अक्षरांतल्या पाट्याही भेटतात. समाजाची भाषा कशी बदलत गेली, याचा हा दगडी पुरावाच आहे.

हा पुरावा वेगाने नाहीसा होत आहे. मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात नव्या दफनांसाठी जागा करताना 2010 मध्ये मधुबाला आणि मोहम्मद रफी यांच्या कबरींवरील बांधकाम काढले गेले. रफींचे चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून त्यांची जागा ओळखतात. देशभर ज्यांचा आवाज पोहोचला त्यांची ही स्थिती, तर मोहल्ल्यातल्या शिक्षकाची, हकिमाची, गिरणी कामगाराची काय असेल?

यात विश्वस्तांना दोष देऊन चालणार नाही. शहरात जागा नाही आणि मय्यत थांबू शकत नाही. शिवाय कबर साधी असावी, तिच्यावर पक्के बांधकाम नको, हीच इस्लामची शिकवण आहे. पण साधेपणा म्हणजे विस्मरण नव्हे. हजरत उस्मान बिन मजऊन यांच्या दफनानंतर हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) स्वतः एक दगड उचलून त्यांच्या कबरीच्या उशाशी ठेवला. कबर ओळखता यावी, हाच त्यामागचा हेतू होता. ना घुमट, ना संगमरवर. फक्त एक खूण.

आज ती खूण वहीतही ठेवता येईल. जुना दगड हलवण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. नाव, सन, गाव, व्यवसाय जे वाचता येईल ते नोंदवावे. उर्दू-फारसी जाणणारे इमाम आणि बुजुर्ग अजून गावोगावी आहेत, मोबाइल प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. रमजानमध्ये असर ते इफ्तारदरम्यान दोघांनी मिळून रोज दहा दगड वाचले, तरी महिन्यात तीनशे नावे वाचतील. खर्च एका वहीचा. तिची एक प्रत मशिदीत आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी.

‘तुमचे पूर्वज कुठले?’ असा प्रश्न मुसलमान मुलाला आज वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर भाषणात शोधण्यापेक्षा गावच्या कब्रस्तानात शोधावे. तिथे त्याच्या पणजोबाचे नाव आहे आणि त्याखाली याच गावाचे नाव कोरलेले आहे. ते पुसले जाण्याआधी उतरवून घेणे एवढेच काम आहे.